रूळ टाकायचे, पण खालचा बर्फ वितळू द्यायचा नाही: आर्क्टिकमध्ये रेल्वे कशी बांधतात?

रशियाच्या उत्तरेला ताझ नावाची नदी आहे. तिच्या जवळच्या जंगलात वाफेवर चालणारी काही जुनी इंजिनं गंजत उभी आहेत. त्यांच्या आजूबाजूला झाडं वाढली आहेत. रूळ आहेत, पण ते कुठेच जात नाहीत. काही ठिकाणी तर रूळ आणि स्लीपर चक्क हवेत लोंबकळताना दिसतात, कारण त्यांच्या खालची माती कधीच खचून वाहून गेली.

रशियात या रेल्वेला 'मृत मार्ग' म्हणतात. सालेखार्द ते इगार्का अशी सुमारे १३०० किलोमीटरची ही योजना होती. हजारो कैद्यांनी जवळपास ७०० किलोमीटर रूळ टाकले आणि १९५३ साली एका आदेशाने सगळं काम थांबलं.

गंमत म्हणजे जगातली सगळ्यात उत्तरेकडची चालू रेल्वे याच भागात आहे. सालेखार्दच्या पश्चिमेला, थोड्याच अंतरावर ऑब्स्काया नावाचं स्टेशन आहे. तिथून ५७२ किलोमीटरची लाइन उत्तरेकडे यामाल द्वीपकल्पावर जाते. थंडी तीच, दलदल तीच, जमीनही तशीच गोठलेली. मग एक रेल्वे का मेली आणि दुसरी का चालते?

त्यासाठी आधी एक गैरसमज बाजूला ठेवावा लागतो.

थंडी हा खरा शत्रू नाहीच

आर्क्टिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उणे ५० अंश तापमान, हिमवादळं आणि काकडलेले मजूर येतात. हे सगळं खरंच आहे. पण रेल्वे बांधणाऱ्या इंजिनिअरला विचारलं, तर तो भीती सांगेल ती उन्हाळ्याची.

याचं कारण जमिनीखाली आहे. लागोपाठ किमान दोन वर्षं जिचं तापमान शून्य अंश किंवा त्याखाली राहतं, त्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. रशियाचा निम्म्याहून जास्त भूभाग अशा जमिनीवर आहे. काही ठिकाणी हा गोठलेला थर शेकडो मीटर खोल जातो. त्याच्या वरचा पातळ थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. हा थर कुठे हातभर असतो, तर कुठे दोनेक मीटर.

गोठलेली असेपर्यंत ही जमीन काँक्रीटसारखी कडक असते. पण तिच्यात फक्त माती नसते, बर्फही असतो. कुठे मातीच्या कणांमध्ये पसरलेला, तर कुठे जमिनीत उभ्या पाचरीसारखा घुसलेला अखंड बर्फ. असा बर्फ वितळला की त्याचं पाणी होतं, पाणी निघून जातं आणि वरची जमीन खाली बसते. ती सगळीकडे सारखी बसली असती, तर एक वेळ चाललं असतं. पण एका जागी बर्फ जास्त, दहा मीटरवर कमी. त्यामुळे रूळ लाटांसारखे वरखाली होतात. मालगाडी अशा रुळांवरून ताशी १५-२० किलोमीटरनेही जाऊ शकत नाही.

आता या जमिनीवर रेल्वे बांधायला घेतली की काय होतं?

टुंड्रावर शेवाळ आणि पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर असतो. हा थर गोधडीचं काम करतो. उन्हाळ्याची ऊब तो खाली जाऊ देत नाही. बांधकामासाठी हा थर खरवडला, किंवा त्याच्यावरून नुसते ट्रॅक्टर फिरवले, तरी गोधडी फाटते. मग ऊन थेट मातीला लागतं आणि खालचा बर्फ वितळू लागतो. एकदा तिथे खळगा पडला की त्यात पाणी साचतं. साचलेलं पाणी उन्हात तापतं आणि आणखी बर्फ वितळवतं. हे चक्र सुरू झालं की थांबवणं फार अवघड.

दुसरी गोष्ट याहून विचित्र आहे. सपाट टुंड्रावर रेल्वेचा भराव घातला की वाऱ्याने उडालेला बर्फ त्याच्या कडेला साचतो. आपल्याला वाटेल, बर्फ साचला म्हणजे जमीन आणखी थंड होईल. होतं उलटं. भुसभुशीत बर्फ उष्णतेचा चांगला वाहक नाही. तो जमिनीवर पांघरुणासारखा बसतो आणि हिवाळ्याची कडाक्याची थंडी खाली पोहोचू देत नाही. वर्षभरातली सगळ्यात थंड हवा जेव्हा जमिनीला मिळायला हवी, तेव्हाच ती मिळत नाही. त्यामुळे भरावाच्या कडेची जमीन वर्षागणिक थोडी थोडी गरम होत जाते.

तिसरी अडचण पाण्याची. भराव म्हणजे टुंड्रावर घातलेला लांबलचक बांधच. वितळलेल्या बर्फाचं पाणी आपल्या वाटेने जाऊ पाहतं आणि या बांधाला अडतं. मोऱ्या ठेवल्या तरी वसंत ऋतूत त्या बर्फाने बुजलेल्या असतात.

थंडीचा थेट फटका रुळांना बसतो, तो वेगळाच. उन्हाळ्यातल्या अधिक ३० अंशांपासून हिवाळ्यातल्या उणे ५० अंशांपर्यंत तापमान गेलं, तर एक किलोमीटर लांबीचा मोकळा पोलादी रूळ सुमारे ९० सेंटीमीटर आखडेल. तो स्लीपरला जखडलेला असतो म्हणून आखडू शकत नाही. मग आत प्रचंड ताण साठतो आणि जिथे जोड कच्चा असेल, तिथे रूळ तडकतो. पण तडकलेला रूळ बदलता येतो. खचलेली जमीन बदलता येत नाही.

खडक असेल तर गोष्ट सोपी

आर्क्टिकमधली प्रत्येक रेल्वे अशी भुसभुशीत नशिबाची नसते. स्वीडनमधल्या किरुनाचं लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरापर्यंत नेणारी लाइन १९०२ मध्ये पूर्ण झाली आणि १९०३ मध्ये राजाच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी पुण्यात लोकमान्य टिळकांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेदांचं मूळ आर्क्टिकमध्ये शोधण्याचा तो प्रयत्न होता. त्या वेळी आर्क्टिकमध्ये प्रत्यक्षात काय चाललं होतं, तर डोंगर फोडून खनिजाची वाट तयार होत होती.

नार्विकची लाइन आर्क्टिक वर्तुळाच्या बरीच उत्तरेला आहे. तरीही शंभर वर्षांहून जास्त काळ ती अवजड खनिजगाड्या पेलते आहे. याची कारणं दोन. बहुतेक ठिकाणी तिच्या खाली पक्का खडक आहे. आणि अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे नार्विकचं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. म्हणजे रुळांना आधार होता आणि रुळांच्या टोकाला चालणारं बंदरही होतं. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत या दोन्ही नव्हत्या.

आराखडा नाही, पण रूळ टाका

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाला एक धक्का बसला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये 'अॅडमिरल शेअर' ही जर्मन युद्धनौका थेट कारा समुद्रात घुसली. तिने 'सिबिर्याकोव्ह' हे बर्फफोडी जहाज बुडवलं आणि डिक्सन बंदरावर तोफा डागल्या. उत्तरेचा किनारा किती उघडा आहे, हे त्यातून दिसलं.

युद्धानंतर स्टालिनला त्या किनाऱ्यावर मोठं बंदर हवं होतं. फेब्रुवारी १९४७ मध्ये ठरलं की ओब नदीच्या आखातावर, केप कामेनी इथे बंदर बांधायचं आणि तिथपर्यंत रेल्वे न्यायची. सुरुवात चुम स्टेशनपासून. हे स्टेशन व्होर्कुताच्या कोळसा खाणींकडे जाणाऱ्या लाइनवर होतं. ती लाइनही कैद्यांनीच बांधलेली. डिसेंबर १९४१ मध्ये तिच्यावरून पहिली गाडी व्होर्कुताला पोहोचली होती.

नव्या लाइनचं काम त्याच वर्षी सुरू झालं. सर्वेक्षण पूर्ण नव्हतं, आराखडा तयार नव्हता, खर्चाचा अंदाजही मंजूर नव्हता. सर्वेक्षणाच्या तुकड्या पुढे आणि त्यांच्या मागोमाग रूळ टाकणारे, अशी स्थिती होती. १९४८ च्या अखेरीस रूळ ओब नदीच्या काठावर, लाबितनांगीला पोहोचले.

आणि मग कळलं की केप कामेनीजवळ आखात उथळ आहे. समुद्रातली मोठी जहाजं तिथे येऊच शकत नाहीत.

हे बंदराच्या जागेची पाहणी करतानाच कळायला हवं होतं. पण पाहणी आणि बांधकाम एकाच वेळी चाललं होतं. जानेवारी १९४९ मध्ये बंदराची जागा बदलली. आता बंदर येनिसेई नदीवरच्या इगार्काला होणार होतं, म्हणजे पूर्वेला जवळपास १३०० किलोमीटर दूर. दोन्ही टोकांकडून एकदमच काम सुरू झालं. पश्चिमेकडच्या भागाला '५०१ क्रमांकाचं बांधकाम' म्हणत आणि पूर्वेकडच्या भागाला '५०३'.

मजूर होते गुलागचे कैदी. कुणी राजकीय, कुणी चोरीमारीतले, तर कुणी भुकेपोटी धान्य उचललं म्हणून शिक्षा झालेले. मार्गालगत पाच-दहा किलोमीटरवर एकेक छावणी होती. लाकडी बराकी, काटेरी कुंपण, चार कोपऱ्यांवर टेहळणीचे मनोरे. ठरलेल्या मापापेक्षा जास्त काम केलं तर शिक्षेचे दिवस कमी होतील, असं आमिष होतं. त्यामुळे अनेकांनी जीव तोडून काम केलं आणि अनेकांचा जीव गेला. हिवाळ्यात थंडी आणि उपासमार, उन्हाळ्यात डासांचे आणि बारीक माश्यांचे थवे. या थव्यांपुढे माणसाला बांधून उभं करणं ही छावणीतली एक शिक्षा होती, अशा आठवणी सुटून आलेल्या कैद्यांनी सांगितल्या आहेत.

युद्धात देश उद्ध्वस्त झालेला, त्यामुळे सामान मिळेल ते. झारच्या काळातले जुने, वेगवेगळ्या कारखान्यांचे रूळ गोळा करून इथे आणले गेले. वेगवेगळ्या मापांचे हे रूळ जोडताना कसरत व्हायची. पूल लाकडाचे, तेही तात्पुरते. ओबसारख्या अफाट नदीवर पूल नव्हताच. उन्हाळ्यात डबे तराफ्यासारख्या फेरीबोटींवरून पलीकडे न्यायचे आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवर थेट रूळ टाकून गाडी न्यायची.

खाली होती ती वर सांगितलेली जमीन. बर्फाने भरलेल्या बारीक मातीवर बारीक वाळूचा पातळ भराव घातला गेला, कारण खडी आणायला जवळपास खाणी नव्हत्या. शेवाळाचा थर जागोजागी फाटला. लाकडी पुलांचे खांब दर हिवाळ्यात जमिनीने थोडे थोडे वर ढकलले. कारण वरचा ओला थर गोठताना फुगतो, खांबाला घट्ट पकडतो आणि उचलतो. उन्हाळ्यात जमीन खाली बसते, खांब मात्र बसत नाही. अशी काही वर्षं गेली की पुलाला कुबड येतं.

५ मार्च १९५३ रोजी स्टालिनचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात काम थांबवण्याचा आदेश निघाला. वाफेची इंजिनं, डबे, अवजारं, बराकी, सगळं आहे तिथे सोडून माणसं निघून गेली. या मार्गाच्या सर्वेक्षणावर काम केलेले इंजिनिअर अलेक्सांद्र पोबोझी यांनी १९६४ मध्ये 'नोव्ही मीर' मासिकात आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांचं शीर्षकच 'मृत मार्ग' होतं.

दैवाचा खेळ असा की १९६६ मध्ये, काम थांबल्यानंतर अवघ्या १३ वर्षांनी, याच मार्गाच्या परिसरात उरेंगॉयचा प्रचंड नैसर्गिक वायूसाठा सापडला. मग नादिम आणि उरेंगॉय यांच्यामधला जुना तुकडा दुरुस्त करून वापरात आणला गेला. रेल्वे बांधली तेव्हा तिला न्यायला काही नव्हतं, आणि न्यायला काही मिळालं तेव्हा रेल्वे खचलेली होती.

कैदी इंजिनिअर आणि उडणारा बर्फ

आर्क्टिकमधली रेल्वे टिकवायची तर वारा आणि बर्फ यांच्याशीही जमवून घ्यावं लागतं. याचं सगळ्यात हुशार उत्तर नोरिल्स्कमध्ये सापडलं, आणि शोधणारा माणूस स्वतः कैदी होता.

नोरिल्स्कच्या निकेल खाणींपासून दुदिन्का बंदरापर्यंतची रेल्वे १९३० च्या दशकात बांधली गेली. देशाच्या बाकीच्या रेल्वेजाळ्याशी ती आजही जोडलेली नाही. सुरुवातीच्या हिवाळ्यांमध्ये ही लाइन बर्फाखाली गाडली जायची. शेकडो माणसं फावडी घेऊन रूळ मोकळे करायची आणि पुढच्या वादळात सगळं पुन्हा तसंच. बर्फ अडवायला रुळांपासून दूर कुंपणं घालायची, हा नेहमीचा उपाय इथे फसला, कारण वारा थांबतच नव्हता. कुंपण बघता बघता बर्फात बुडायचं.

मिखाइल पोतापोव्ह यांनी उलटा विचार केला. बर्फ अडवायचाच कशाला? वाऱ्यालाच काम द्यावं. त्यांनी रुळांच्या कडेला तिरप्या लाकडी ढाली उभ्या केल्या आणि खाली फट ठेवली. त्या फटीतून जाताना वाऱ्याचा वेग वाढायचा आणि रुळांवरचा बर्फ तो स्वतःच उडवून न्यायचा. वादळ जितकं मोठं, तितके रूळ स्वच्छ. नोरिल्स्कमध्ये लोक पोतापोव्ह यांना 'देद मोरोझ', म्हणजे रशियन लोककथांमधला 'हिमआजोबा', म्हणू लागले.

यामालवर काय वेगळं केलं?

आता पुन्हा यामालकडे. इथल्या बोव्हानेंकोवो वायूक्षेत्राचा शोध १९७१ मध्ये लागला होता. तिथपर्यंत जाणाऱ्या रेल्वेचं काम १९८६ मध्ये सुरू झालं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते रखडलं, मग गॅझप्रॉम या वायू कंपनीने ते पुढे नेलं. २०१० मध्ये गाड्या बोव्हानेंकोवोला पोहोचू लागल्या आणि पुढच्या वर्षी शेवटच्या कार्स्काया स्टेशनपर्यंत लाइन झाली. म्हणजे ५७२ किलोमीटरला साधारण पाव शतक लागलं.

इथला मूळ नियम एका वाक्याचा होता: जमिनीला तापू द्यायचं नाही.

म्हणून भरावाचं मुख्य काम हिवाळ्यात केलं गेलं. जमीन पूर्ण गोठलेली असताना तिच्यावर ओली, गोठलेली वाळू टाकायची. म्हणजे भराव सुरुवातीपासूनच बर्फासारखा थंड. त्याच्यावर पॉलिस्टायरिन फोमचे थर. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, फक्त जास्त दणकट फोम. त्यावर कापडासारखं मजबूत जिओटेक्स्टाइल. उन्हाळ्याची ऊब फोमपाशीच अडते. वरची खडी तापते, खालची वाळू गोठलेलीच राहते.

शेवाळाला हात लावायचा नाही. जमीन खोदून रस्ता सपाट करण्यापेक्षा वरून भर घालून उंच करायचा. आणि जिथे नदीचं पूरक्षेत्र आहे, तिथे भराव घालण्याचा हट्टच सोडायचा. युरिबेई नदीवर हेच केलं. नदीचं पात्र फार मोठं नाही, पण पुराचं पाणी काही किलोमीटर पसरतं. तिथे ३.९ किलोमीटर लांबीचा पूल बांधला. त्याचे खांब २० ते ४० मीटर खोल गोठलेल्या जमिनीत रोवले आहेत. भोवतालची जमीन गोठून त्यांना धरून ठेवते. हा पूल २००९ मध्ये, वर्षभराच्या आत उभा राहिला.

हेच गणित जगात आणखी एका ठिकाणी सुटलं, आणि ते भारताच्या शेजारी आहे. चीनची गोलमुड ते ल्हासा रेल्वे आर्क्टिकमध्ये नाही, पण उंचीमुळे तिच्याही वाटेत सुमारे ५५० किलोमीटर पर्माफ्रॉस्ट लागतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर काही ठिकाणी रुळांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांच्या रांगा दिसतात. त्या नळ्या जमिनीला थंड ठेवतात, तेही विजेशिवाय. बंद नळीत अमोनिया असतो. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा थंड असते. तेव्हा खालचा अमोनिया जमिनीची उष्णता घेऊन उकळतो, वाफ वर जाते, थंड हवेत पुन्हा द्रव होते आणि थेंब खाली येतात. प्रत्येक फेरीत जमिनीतली थोडी उष्णता बाहेर. उन्हाळ्यात वरचं टोक गरम झालं की फेरी आपोआप बंद पडते, त्यामुळे बाहेरची ऊब आत जात नाही. अलास्कातल्या तेलवाहिनीच्या खांबांवर १९७० च्या दशकापासून हेच तंत्र आहे.

हे सगळं महाग असतं. यामालवर हा खर्च परवडतो, कारण टोकाला वायू आहे. २०१२ पासून बोव्हानेंकोवोमधून तो निघतो आहे.

रेल्वे बंद पडली तर गावाचं काय?

कॅनडातल्या चर्चिल गावाने या प्रश्नाचं उत्तर अनुभवलं आहे. हडसनच्या उपसागरावरचं हे जेमतेम ९०० वस्तीचं गाव ध्रुवीय अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे. ते आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच दक्षिणेला आहे, पण जमीन तीच, गोठलेली. इथे यायला रस्ता नाही. विमान, उन्हाळ्यात जहाज, नाही तर रेल्वे.

ही रेल्वेही बंदराच्या चुकीपासून सुटली नव्हती. धान्य निर्यातीसाठी आधी पोर्ट नेल्सन इथे बंदर ठरलं. कृत्रिम बेट तयार झालं, तिथवर पूलही झाला, पण नदीच्या गाळाने बंदर भरत राहिलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात काम बंद पडलं. १९२७ मध्ये ब्रिटिश बंदरतज्ज्ञ फ्रेडरिक पामर यांच्या सल्ल्याने बंदर चर्चिलला हलवलं. १९२९ मध्ये रूळ तिथे पोहोचले. फरक इतकाच की कॅनडाने तज्ज्ञाला विचारून वेळेत दिशा बदलली.

मे २०१७ मध्ये, मोठ्या हिमवादळांनंतर, वितळलेल्या बर्फाचा पूर आला. पाण्याने सुमारे २० ठिकाणी रुळांखालचा भराव वाहून नेला. रेल्वेची मालक असलेली कंपनी दुरुस्तीचा खर्च उचलायला तयार नव्हती. सरकार म्हणत होतं, हे तुमचं काम आहे. वाद चालू राहिला आणि गाडी बंद.

चर्चिलमध्ये किराणा विमानाने येऊ लागला. दूध, भाजी, फळं, सगळ्याचे भाव चढले. घरं तापवायचा गॅस हिवाळ्याआधी जहाजाने आणून साठवावा लागला. काही कुटुंबं गाव सोडून गेली. शेवटी २०१८ मध्ये स्थानिक आदिवासी समुदाय आणि गावांचा वाटा असलेल्या नव्या कंपनीने रेल्वे विकत घेतली, हिवाळ्याच्या तोंडावर दुरुस्ती झाली आणि डिसेंबरमध्ये प्रवासी गाडी पुन्हा आली. मधे दीड वर्ष गेलं होतं.

रिकामी दिसणारी जमीन रिकामी नसते

नकाशावर यामाल पांढरं दिसतं. प्रत्यक्षात तिथे नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन दरवर्षी शेकडो किलोमीटर दक्षिणोत्तर ये-जा करतात. रेल्वेचा भराव आणि वायूवाहिन्या त्यांच्या वाटेला आडव्या येतात. कळप ओलांडावेत म्हणून काही जागा राखल्या आहेत. पण कळप कुठून ओलांडेल, हे आता फक्त मेंढपाळ ठरवत नाही, रेल्वेही ठरवते. कुरणं तुटतात, कळप उरलेल्या चाऱ्यावर दाटी करतात.

फिनलंडमध्ये हाच प्रश्न बांधकामाआधी विचारला गेला. रोव्हानिएमीपासून नॉर्वेच्या किर्केनेसपर्यंत आर्क्टिक रेल्वे न्यायची कल्पना होती. ती सामी लोकांच्या रेनडिअर कुरणांमधून जाणार होती. सामींनी जोरदार विरोध केला, पैशाचं गणितही जुळेना. २०२१ मध्ये लॅपलँडच्या प्रादेशिक परिषदेने ही रेल्वे आपल्या आराखड्यातून काढून टाकली.

आणि आता जमीनच तापते आहे

यामालच्या इंजिनिअरांनी जे गणित मांडलं, त्यात हवा पुरेशी थंड राहील हे गृहीत आहे. अमोनियाच्या नळ्यांनाही कडक हिवाळा लागतो. पण १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापलं आहे, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. गोठलेल्या खांबांची पकड जमिनीच्या तापमानावर असते. जमीन उणे ५ वरून उणे १ अंशावर आली, तर ती वितळत नाही, पण खांबाला धरण्याची तिची ताकद बरीच घटते. म्हणजे बर्फ दिसायला शाबूत आणि पूल मात्र कमकुवत, असं होऊ शकतं.

तरीही नव्या योजना येतच आहेत. रशियाने 'उत्तर अक्षांश रेल्वे' नावाने ऑब्स्कायापासून सालेखार्द, नादिम, नोव्ही उरेंगॉयमार्गे कोरोत्चायेवोपर्यंत ७०७ किलोमीटरची लाइन आखली आहे. तिचा मोठा भाग स्टालिनच्या मृत मार्गाच्याच वाटेने जातो. मुदत अनेकदा पुढे ढकलली गेली आहे. सगळ्यात मोठं काम अजूनही तेच, ओब नदीवरचा रेल्वे पूल.

कैद्यांनी १९४८ मध्ये लाबितनांगीपर्यंत आणलेले रूळ मात्र आजही वापरात आहेत. मॉस्कोहून सुटलेली प्रवासी गाडी तिथवर येते आणि थांबते. पलीकडच्या काठावर सालेखार्द आहे, पूर्ण जिल्ह्याचं मुख्य शहर. तिथे जायला उन्हाळ्यात फेरीबोट मिळते आणि हिवाळ्यात गोठलेल्या ओबवरून रस्ता जातो.